मुकोबाच्या दगडाखाली

“बाबा, एकच विचारतो. ह्या दगडाखाली माणूस आहे का जनावर?”

हंसगीर बाबा निंबाखाली बसून वाती वळत होते. मान वर न करता म्हणाले, “जनावर.”

मुकुंदचा कॅमेरा अजून चालूसुद्धा झाला नव्हता.

आता बघा, भांडायला कंबर कसून यावं आणि समोरच्यानं पहिल्याच वाक्याला हो म्हणावं, ह्यासारखी पंचाईत नाही. मुकुंद दरेकरची तशी गत झाली. गाडीत बसून त्यानं सगळे मुद्दे घोकले होते. आता ते सांगायचे कुणाला?

गडाच्या पायथ्याची ही मुकोबाची समाधी. बुटकी खोली, आत चौथरा, चौथऱ्यावर तेलानं काळा झालेला लांबट दगड. मुकोबा म्हणे मोठा साधू होता, जन्मात एक शब्द बोलला नाही. म्हणून ज्याचं पोर बोलत नाही, ज्याची वाचा गेली, तो इथं येतो, भिजवलेले हरभरे वाहतो आणि हात जोडतो. हंसगीर बाबा इथले गोसावी. दिवाबत्ती त्यांच्या गुरूच्याही गुरूपासून त्यांच्याकडं.

आणि मुकुंदचं काम म्हणजे इंटरनेटवर इतिहासातल्या थापा उघड्या पाडायच्या. प्रत्येक गडावरनं एक भुयार निघतं आणि ते थेट दुसऱ्या गडावर उघडतं, हा समज त्यानं मोडून काढला. कुठल्याशा राणीचा म्हणून जो फोटो सगळीकडं फिरत होता, तो एका नाटकातल्या नटीचा निघाला, तेही त्यानंच दाखवलं. लाखो लोक त्याला बघायचे. त्याचं चुकायचं नाही, आणि चुकत नाही हे तो विसरूही द्यायचा नाही.

‘मुकोबा खरा कोण? रविवारी सकाळी,’ एवढं त्यानं टाकलं होतं आणि खाली नुसती जुंपली होती. कुणी म्हणे योगी, कुणी म्हणे लढवय्या. कुणी एकमेकांची आईबहीण काढत होतं. आज शनिवार.

“जनावर म्हणजे घोडी,” मुकुंद म्हणाला.

“घोडीच.”

“गेल्या पावसाळ्यात तुमचं छप्पर गळलं, चौथऱ्याचा चुना पडला. आत अक्षरं आहेत. मी जाणकारांकडनं वाचून घेतली. किल्लेदाराची घोडी, असं स्वच्छ कोरलंय.”

“बरोबर वाचलंस.”

“आणि हे हरभरे. कुठल्या साधूला कच्चे भिजवलेले हरभरे लागतात, बाबा? घोड्याची चंदी आहे ती.”

“हो. चंदीच.”

मुकुंदला राग आला. आपल्याला मोठा वाद जिंकायचा होता आणि हा म्हातारा तो लढूच देत नाही, ह्याचा राग.

“मग लोकांना सांगत का नाही?”

“विचारत नाहीत कुणी… मागतात.”

“ही फसवणूक आहे.”

बाबांचा हात थांबला.

“असेल,” ते म्हणाले.

“हे कॅमेऱ्यासमोर सांगाल?”

“सांगीन.”

“आत्ता?”

“आत्ता. त्याआधी तू एका माणसाला सांग.”

मुकुंद हसला. “उद्या लाखाला सांगतोय की.”

“लाखाला सोपं असतं. एकाला सांग.” बाबांनी हनुवटीनं वाटेकडं खूण केली. “ती बघ, येतेय.”

वाटेनं कौसाबाई येत होती. मुकुंदची आई. गाडी खालच्या वळणापर्यंतच येते, पुढं चढ. “तू हो पुढं, मी येते दमादमानं,” ती म्हणाली होती, आणि हा पठ्ठ्या कॅमेरा घेऊन खरंच पुढं आला होता. चार पावलं चालायची, की थांबून छातीवर हात ठेवायची. दुसऱ्या हातात हरभऱ्याची पिशवी.

मुकुंदचा चेहरा उतरला.

“आईला नाही.”

“का?”

“सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. किती दिवस हो म्हणत नव्हती. शेवटी म्हणाली, एकदा मुकोबाला भेटव, मग कुठं न्यायचं तिथं ने.” तो थांबला. “आता हे सांगितलं, तर…”

“तर?”

“तिचा धीर जाईल, बाबा.”

“आणि उद्या?”

“उद्याचं काय?”

“उद्या लाखाला कळेल. त्यात तुझ्या शेजारणी आहेत, भाचे आहेत, बहिणी आहेत. कुणीतरी तिला फोन करीलच.”

मुकुंद खाली बघत म्हणाला, “मी तिचा फोन काढून घेणार होतो.”

“हं,” बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तरी मुकुंदला ते लागलं.

“मग नाही टाकत उद्या. जाऊ दे.”

“म्हणजे कुणी विचारलं नाही, तर सांगायचं नाही.” बाबांनी नवी वात वळायला घेतली. “मग आपण दोघं सारखेच की.”

मुकुंद कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

कौसाबाई येऊन पोचली. निंबाच्या पाराला टेकून तिनं आधी श्वास जुळवला.

“आले बाबा. जमतंय का नाही, असं झालं होतं.”

“बस, माय. पाणी घे.”

पाणी पिऊन ती बाबांनाच सांगायला लागली. त्यांनी ते दरवर्षी ऐकलेलं होतं, तरी सांगायला लागली. “चार वर्षांचा झाला, तरी आई म्हणाला नव्हता हा. लोक मला काय काय बोलायचे. सासूनं तर आशाच सोडली होती. इथं आणलं, त्या दगडावर निजवलं, आणि त्याच आठवड्यात दारात उभा राहून मला हाक मारली. तेव्हापासून नाव बदलून मुकुंद ठेवलं, मुकोबाचा म्हणून.” तिनं लेकाकडं बघितलं. “आणि आता बघा. थांबायचं नाव नाही.”

बाबा हसले. मग त्यांनी मुकुंदकडं पाहिलं आणि नुसते पाहत राहिले.

नाही म्हणायला अजून वेळ होता. कॅमेरा पिशवीत टाकावा, आईला आत न्यावं, हरभरे वाहू द्यावेत, घरी जावं. पण एकदा तिनं हे दवाखान्यातल्या खाटेवर, दुसऱ्या कुणाच्या तोंडून, हसण्यावारी ऐकलं तर… ते चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढनं हलेना.

“आई,” तो म्हणाला. “इथं साधू नाही.”

“कुठं गेला?”

“नव्हताच कधी. खाली घोडी पुरलीय. गडाच्या किल्लेदाराची. चौथऱ्यावर कोरलंय तसं. मी शोधून काढलंय.”

कौसाबाईनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी मान डोलावली.

तिनं हरभऱ्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मुकुंद तिचा श्वास ऐकत होता. लांब, मग तुटका, मग परत लांब. तिच्या हाताला धरून, चुकलं माझं, असं म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण चुकलेलं तर काहीच नव्हतं. त्याला भयंकर भीती वाटत होती.

“घोडी,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणून बोलली नाही कधी.”

“बोलणार कशी, आई…”

ती पाराला धरून उठली आणि समाधीच्या खोलीत गेली. मुकुंद बुटांसकट उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. पुढं जायचा त्याला धीर होईना.

तिनं हरभरे वाहिले. मग हात जोडायला घेतले आणि ते अर्ध्यावरच थांबले. जोडायचे का नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. खाली बसून तिनं तळवा दगडावर टेकवला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत नेला. पुन्हा फिरवला. गोठ्यात कामावरनं आलेल्या जनावराच्या पाठीवरनं ती असाच हात फिरवायची. मुकुंदनं लहानपणापासून पाहिलेलं होतं.

“दमली असशील गं,” ती म्हणाली.

खोलीत गारवा होता. ती हात फिरवत राहिली.

“एवढ्या लोकांचं ओझं. येईल तो तुझ्या पाठीवर टाकून जातोय. मी पण दरसाल येऊन टाकतच होते… कधी विचारलं नाही.”

बराच वेळ गेला. तिनं काहीही मागितलं नाही. मग उंबऱ्याला धरून बाहेर आली. डोळे ओले होते, पण श्वास एका लयीत चालला होता.

“चल,” ती म्हणाली. “सोमवारी लवकर निघायचं ना? पिशव्या भरायच्यात.”

“आई, ऑपरेशनचं… तू काही मागितलं नाहीस.”

“तिला अजून काय मागायचं? तुला बोलतं केलं, तेवढं पुरे झालं. ऑपरेशन डॉक्टर करतील.”

“अगं, पण घोडी…”

“कळलं मला. एकदा सांगितलंस ना.”

असं म्हणून ती बाबांच्या पाया पडली आणि उताराला लागली. येताना थांबत होती तशीच थांबत, पण मागं वळून तिनं लेकाला हाक मारली नाही.

मुकुंद उंबऱ्यापाशीच उभा होता. किल्लेदार कोणता, साल कोणतं, अक्षरं कुठल्या वळणाची, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. हा दगड बसवताना कुणीतरी रडलं असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. आपलं म्हणणं खरं होतं आणि तरीही लाज वाटतेय, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग बाबांकडं.

“बाबा, उद्या मी लोकांना काय सांगू?”

“घोडी आहे, म्हणून सांग.”

“एवढंच?”

बाबांनी वळलेल्या वाती तबकात घेतल्या आणि ते आत जायला उठले.

“एवढंच. फक्त पायातले बूट काढून सांग.”