कवडीनं गिळलेला उन्हाचा दाणा

सरका, सरका. मला मधे जागा द्या, आणि गोधडी कोणी आपल्याकडे ओढायची नाही. हां. तर एकदा काय झालं, एका राणीला अंडं खावंसं वाटलं.

यात काय मोठी गोष्ट, म्हणाल. राणीच ती, मनात आलं तर टोपलीभर खाईल. पण तसं नव्हतं, बरं का. राणीला डोहाळे लागले होते. तिला आंबट नको, गोड नको, फक्त उकडलेलं अंडं हवं होतं. आणि दिवस होते ऐन थंडीचे. चारी बाजूंनी डोंगर असलेलं ते राज्य, आणि सगळ्या राज्यात एकही कोंबडी अंडं देत नव्हती.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं तेव्हाची माणसं म्हणायची. मग राजा घाबरला. आणि राजे घाबरले की काय करतात? ओरडतात. हा राजाही ओरडला, आणि त्यानं दवंडी पिटवली. संक्रांतीपर्यंत अंडं मिळालं तर ठीक, नाहीतर राज्यातल्या झाडून सगळ्या कोंबड्या मुदपाकखान्यात जमा. अंडी देत नाहीत त्या कोंबड्यांना दाणे घालायचे कशाला?

राणी म्हणाली, "अहो, मला कोंबडी नको, अंडं हवंय."

पण राजा ऐकतोय कुठला.

आता त्या राज्यात एका गावात सगुणा नावाची नवी सून होती. नवी म्हणजे अगदी नवी, हातातला चुडा अजून किणकिणत होता. आणि तिच्याबरोबर माहेराहून आंदण काय आलं होतं? भांडी नाहीत, पलंग नाही. एक कोंबडी आली होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. सासरी सगळं परकं होतं. चूल परकी, विहीर परकी, माणसं परकी. एक कवडी तेवढी ओळखीची. सगुणा पाणी भरायला निघाली की ही मागे, भाकरी थापायला बसली की ही उंबऱ्यावर. माहेरची आठवण येऊन रडू आलं की सगुणा तिला मांडीवर घेऊन बसायची.

थंडी पडली तेव्हा सगुणानं काय केलं, तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी काढली. कवडीला घरातल्या डालग्याखाली ठेवलं आणि डालग्यावर ती गोधडी पांघरली, चारी बाजूंनी खोचून. तिला वारा लागायला नको.

आणि ती एकटीच असं करत होती असं नाही. त्या राज्यात रीतच होती तशी. दिवाळीचा पाडवा झाला की बायका शेणमाती कालवायच्या आणि खुराडी लिंपायच्या. फट म्हणून ठेवायची नाही. वर पेंढा, पेंढ्यावर गोणपाट. दाणापाणी घालायला खाली हात जाईल एवढं भोक, त्यालाही फडकं. संक्रांतीला खुराड्याची पूजा करून लिंपण फोडायचं, तोवर कोंबड्या आत. किती माया बघा. आणि मग सगळेजण म्हणायचे, थंडीत कोंबड्या अंडी का देत नाहीत कोण जाणे.

तू हसतोस का रे? कळलं वाटतं तुला. मग बोलू नकोस, बाकीच्यांना ऐकू दे.

दवंडी ऐकली आणि सगुणाचं धाबं दणाणलं. ती धावत सासूकडे गेली.

"आत्याबाई, माझी कवडी न्हेतील वं."

सासू शेंगा फोडत बसली होती. बाई तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. ती म्हणाली, "तुजी एकटीची व्हय? माज्या खुराड्यातल्या पण न्हेतील. थंडीनं समद्यांची अंडी पळवली, त्याला आपुन काय करनार?"

थंडीनं पळवली? सगुणाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पळवली असतील तर परत मागता येतील की. मग तिनं कवडीला गोधडीत गुंडाळलं, काखेत मारलं, पदरात भाकरी बांधली आणि निघाली.

चालली, चालली, नदीवर आली. नदीवर कोण होतं माहीत आहे? थंडीबाई. पांढरीफटक म्हातारी, गुडघाभर पाण्यात उभी राहून धुकं धूत होती. धुवायची, पिळायची आणि बाभळींवर वाळत घालायची.

सगुणाची दातखीळ बसायची वेळ आली, पण ती बोलली. "थंडीबाई, आमच्या कोंबड्यांची अंडी परत द्या."

"अगं बया," थंडीबाई म्हणाली, "मी कशाला घेऊ अंडी? मी तर या तुझ्या कोंबडीला नवे कपडे शिवायला लावले. पावसाळा सरला तेव्हा हिची पिसं झडली होती की नाही?"

"झडली व्हती. पार बोडकी झाली व्हती."

"मग नवी आली ना? खाल्लेलं सगळं त्या पिसांत गेलं, म्हणून तेव्हा अंडी थांबली. पण आता अंगभर पिसं आहेत. बोट घालून बघ, आत कशी तव्यासारखी गरम आहे. माझ्या थंडीला ती भीत नाही. गारठलेय ती मी. एवढ्या जन्मात कोणी पांघरूण दिलं नाही मला."

सगुणानं बोट घालून पाहिलं. खरंच की, कवडी ऊबदार होती. म्हातारी मात्र लटलट कापत होती. मग सगुणानं काय केलं? तिनं गोधडी सोडली. आईच्या लुगड्यांची गोधडी, बरं का. तिला आईचा वास होता. सगुणाला रडू आलं, पण तिनं ती थंडीबाईच्या खांद्यावर घातली.

थंडीबाई इतकी खूश झाली की त्या दिवशी धुकं धुवायचं तिनं सोडूनच दिलं. म्हणाली, "डोंगराला विचार. त्याला वरून सगळं दिसतं."

मग सगुणा निघाली. आता कवडी मोकळी होती. काखेत काही थांबेना, टुणकन खाली उडी मारली आणि आपल्या पायांनी चालायला लागली. पुढे सगुणा, मागे कवडी. चालल्या, चालल्या, डोंगराशी आल्या.

डोंगर म्हातारा, ऐकायला कमी. सगुणा त्याच्या पोटावर चढली, खांद्यावर चढली आणि कानाच्या गुहेत तोंड घालून ओरडली, "आजोबा, आमची अंडी कुठं गेली?"

डोंगरानं जांभई दिली. दोन दगड गडगडले. "अंडी मी पाहिली नाहीत, बाळ. मी पाहतो ते एवढंच, की हल्ली सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. लेक आहे ना त्याची दक्षिणेला, तिच्याकडे राहायला गेलाय. तिथून येजा करतो. तो तुमच्या दारोदार फिरतो, त्याला विचार."

मग काय, दक्षिणेची वाट. बोरं खात, भाकरीचे तुकडे मोडत, एक तुकडा सगुणाला, एक कवडीला. पायात काटे गेले, ओठ फुटले. कधी वाटायचं परत फिरावं. पण मागे कवडी तुरुतुरु येत होती, आणि हिला कोणी मुदपाकखान्यात नेणार हे आठवलं की सगुणा पुन्हा पाय उचलायची.

एके दिवशी झुंजुमुंजू होताना त्या सूर्याच्या लेकीच्या अंगणात पोचल्या. सूर्य घोडे जुंपत होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून सगुणानं त्याच्या पायांकडे बघत सगळं सांगितलं. राणीचं सांगितलं, राजाचं सांगितलं, कवडीचं सांगितलं.

सूर्यानं कवडीला हातावर घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"ही कुणाची?"

"माझी. माहेराहून आलीय माझ्यासंगं."

"हिला मी ओळखत नाही," सूर्य म्हणाला. "तुझ्या अंगणातली तुळस मला ठाऊक आहे, दोरीवरचं लुगडं ठाऊक आहे, तुझी सासू शेंगा फोडते तेही मी बघतो. दिवस लहान असतो खरा, पण जेवढं ऊन आहे तेवढं मी दारात आणून टाकतो. तुमच्या राज्यात थंडीत मला कोंबडी म्हणून दिसत नाही. मला वाटलं, तुम्ही कोंबड्या पाळायचं सोडलंत."

आणि तेव्हा सगुणाला कळलं. गोधडी कळली, लिंपण कळलं, गोणपाट कळलं. पळवलं कोणीच नव्हतं. आपणच मायेनं त्यांच्यावर अंधार घातला होता. उजेडच दिसला नाही तर कोंबडीला कळणार कसं, की दिवस उगवला आणि अंडं द्यायचं? ती मटकन खाली बसली आणि कवडीला पोटाशी धरून हमसून हमसून रडली.

सूर्याला तिची दया आली. त्यानं आपल्या किरणाचं टोक मोडलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढं ऊन तिच्या हातावर ठेवलं. "जा, घरी जाऊन लिंपण फोड. आणि मी लेकीकडून परत येईपर्यंत हा दाणा खुराड्यात ठेव. सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा उजेड देईल. एवढ्यानं भागेल. जप मात्र, एकच आहे."

सगुणानं दाणा पदराच्या गाठीत घट्ट बांधला आणि सुसाट निघाली. आता भीती नव्हती, नुसता आनंद होता. डोंगर उतरली, नदी ओलांडली. कवडी सगळी वाट उन्हातून उडत बागडत आली. आणि तिचा तुरा पाहिलात का? फिकट गुलाबी होता तो आता लालचुटूक झाला होता. जास्वंदीसारखा. कोंबडीचा तुरा असा लाल झाला की काय समजायचं, हे तुम्हाला उद्या खुराड्यापाशी दाखवीन.

सगुणा दारात आली तो काय, संक्रांत उजाडली होती आणि अंगणात राजाचे शिपाई उभे. हातात मोठमोठी डालगी. शेजारच्या कोंबड्या भरूनही झाल्या होत्या.

"थांबा," सगुणा ओरडली. "मी अंड्याचा उपाय आणलाय."

तिनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि खुराड्याच्या लिंपणावर घातली. सासू धावली. "अगं, पूजा व्हायच्या आदी लिंपन फोडतीस? माज्या सासूनं, तिच्या सासूनं..."

"आत्याबाई, तुमच्या कोंबड्यांना सूर्य वळखत न्हाई वं," सगुणा म्हणाली, आणि तिनं दुसरा घाव घातला. पेंढा उडाला, गोणपाट पडलं, आणि अंधारातून सासूची म्हातारी तांबडी कोंबडी बाहेर आली. डोळे मिचकावत उन्हात उभी राहिली. मग पंख पसरले आणि अशी काही अंग झाडून उभी राहिली, की सासूनं ओरडायचं सोडून तिच्यापुढे मूठभर शेंगदाणे टाकले.

मग सगुणानं पदराची गाठ सोडली. हातावर उन्हाचा दाणा. अंगण झळाळलं, शिपायांनी डोळ्यांवर हात घेतले. खुराड्यात ठेवायला सगुणा वाकली, आणि मग काय झालं सांगू?

कवडीनं दाणा पाहिला. कोंबडीच ती. मान तिरकी केली, एका डोळ्यानं पाहिलं, टोच मारली आणि गिळून टाकला.

झालं. सगळं संपलं. सगुणा रिकाम्या हाताकडे बघत बसली. शिपायांचा नाईक म्हणाला, "पुरे झाला खेळ. भरा कोंबड्या." आणि त्यानं पहिला हात कवडीवरच टाकला.

पण सासू मधे आली. तीच फटकळ सासू, बरं का. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "माज्या सुनंच्या माहेरचं आंदन हाय ते. हात लावशील तर बघ."

नाईक थबकला. तेवढ्यात कवडी निसटली. इकडे गेली, तिकडे गेली, कोपरा हुंगला, पेंढा उकरला, आणि मोडक्या खुराड्यात जाऊन बसली. बसली ती बसलीच. कोणी हलेना. शिपाई हलेनात, सासू हलेना, सगुणाही हलेना.

मग कवडी उठली आणि जी ओरडत सुटली, पॉक्‌ पॉक्‌ पॉक्‌ पकाऽऽक, सगळ्या गावाला ऐकू गेलं. सगुणानं पेंढ्यात हात घातला. हाताला लागलं गरम, गुळगुळीत अंडं.

मग काय धावपळ सांगू. नाईकानं पागोटं काढलं, त्यात कापूस घातला, कापसावर अंडं ठेवलं आणि पागोटं छातीशी धरून सगळे राजवाड्याकडे पळाले. पुढे नाईक, मागे सगुणा, तिच्या काखेत कवडी, आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत सासू.

राणीनं अंडं उकडलं. दुसऱ्या कोणाला हातच लावू दिला नाही. सोललं, दोऱ्यानं मधोमध कापलं, आणि सगळा राजवाडा बघत राहिला. कारण तोवर त्या राज्यातली अंडी आतून नुसती पांढरी असायची. या अंड्यात मधोमध बसला होता पिवळाधमक, गोल, उगवता सूर्य.

राणीनं अंडं खाल्लं आणि तिच्या गालांवर रंग आला. राजा ओरडायचा थांबला. त्यानं सगुणाला विचारलं, "काय हवं ते माग."

सगुणा म्हणाली, "भरलेली डालगी सोडा. आणि प्रत्येक खुराड्याला उगवतीकडं एक खिडकी ठेवायला सांगा."

मग सगळ्या राज्यातली लिंपणं फुटली. कोंबड्या उन्हात आल्या, एकेकीचा तुरा लाल झाला, आणि अंडी यायला लागली. कवडीच्या पिलांच्या, त्यांच्या पिलांच्या, सगळ्यांच्या अंड्यांत तो पिवळा सूर्य आला तो कायमचा. राणीला मुलगी झाली. कान अगदी ठणठणीत, आईनं हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देणारी. तुमच्यासारखी नाही.

आणि सासूनं काय केलं? तिनं टोपलीभर अंडी पेंढ्यात रचली, सगुणाच्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "जा, आईला भेटून ये. नवी गोदडी पन शिवून आन." सगुणा निघाली. कवडी मागे होतीच.

सगळे सुखानं राहिले. आता डोळे मिटा. उद्या लवकर उठायचंय, आपलं खुराडं उघडायचंय. सूर्य येईल, त्याला आपल्या कोंबड्या दिसायला हव्यात.