गादीच्या वारसाने रडू नये

एका राज्यात, जिथली नदी डोंगर चढून वर जात असे आणि कुणाला त्याचे नवल वाटत नसे, धवलकेतू नावाचा राजा होता. म्हातारा झाला, आणि एके सकाळी अंथरुणातच निवर्तला. आता तिथली रीत अशी, की गादी एका श्वासापुरतीही रिकामी राहायची नाही. राजाचे पहिले अपत्य, मुलगा असो वा मुलगी, त्याच क्षणी गादीचे धनी. भालदाराने सज्जात येऊन जुन्याचे जाणे आणि नव्याचे येणे एकाच दमात पुकारायचे. भालदार आला, छाती भरून ओरडला, "महाराज निजधामास गेले! आता गादीवर..." आणि त्याने जो आ वासला तो वासलाच. पुढे कुणाचे नाव घ्यायचे तेच त्याला कळेना.

झाले होते असे, की कंटकनाथ नावाच्या मांत्रिकाचा गादीवर डोळा होता. राजाचा प्राण जाताच त्याने एका दोरीला तीन गाठी मारल्या आणि सगळी नाती त्यांत बांधली: एकीत भावंडे, दुसरीत नवराबायको, तिसरीत आईबाप आणि लेकरे. मग दोरीचे तीन तुकडे करून ते तीन ठिकाणी लपवले. नावे सगळ्यांना आठवत होती. पण कोण कुणाचा कोण, हे कुणाच्या बापाला सांगता येईना, कारण बाप कोण तेच ठाऊक नव्हते! सूर्य मावळेपर्यंत वारस ठरला नाही, तर गादी बेवारस, बसेल त्याची. कंटकनाथ गादीच्या पायरीवर दाढी कुरवाळीत बसून राहिला.

मग काय विचारता, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. मल्लकेतू आणि दीर्घकेतू हे दोघे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, 'मीच थोरला मुलगा' म्हणून एकमेकांच्या उरावर बसले. रत्नप्रभा नावाच्या बाई मल्लकेतूला चोर म्हणत गादी स्वतःसाठी मागू लागल्या. स्वयंपाकीसुद्धा आपले नाक राजासारखे आहे का ते आरशात निरखून आला आणि पुन्हा चुलीकडे गेला. एक मात्र खरे, की सगळ्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते. कारण त्या राज्यात गादीचा वारस रडत नसे. राजा कधी मरत नाही, तो फक्त दुसऱ्या देहात उभा राहतो, मग रडायचे कुणासाठी? जो रडला तो वारस नव्हे, असा सगळ्यांचा समज. म्हणून प्रत्येक जण ओठ दाबून बसला होता.

रडत होती ती एकटी सुवेला नावाची तरुणी. मृताच्या उशाशी बसून ती पदराने माश्या वारीत होती. हा म्हातारा आपला कोण, तिला कळत नव्हते. बहीण म्हणावे तर वय जुळेना, दासी म्हणावे तर हातात सोन्याची कांकणे! डोके गरगरत होते आणि डोळे काही थांबत नव्हते. वारस पुकारल्याशिवाय चिता पेटवायची नाही, असा शास्त्रार्थ होता. हा असाच पडून राहणार, हे तिला बघवेना.

ती बुरुजावर गेली. तिथे एक डोमकावळा राहत असे, आणि तो तिथे आहे तोवर राज्य टिकेल, असे लोक मानत. सुवेलाने त्याला सगळे सांगितले. कावळ्याने कंटकनाथाची करणी आणि गाठी कुठे आहेत ते सांगितले, आणि वर एवढेच म्हणाला, "सोडवशील. पण नाते कळले की सुख होईलच असे नाही."

"त्यांना अग्नी मिळू दे," सुवेला म्हणाली.

पहिली गाठ वेशीवरच्या दगडी सिंहाच्या जबड्यात होती. खोटे बोलणाऱ्याचा हात तो तोडीत असे. "तू कोण?" सिंहाने विचारले. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. इतके खरे उत्तर त्याला कुणी दिले नव्हते. त्याने जबडा उघडला. गाठ सुटली, आणि तिकडे मल्लकेतू आणि दीर्घकेतू एकमेकांची मिशी सोडून उभे राहिले. ते तर एकमेकांचे आणि निवर्तलेल्या महाराजांचेही सख्खे भाऊ निघाले.

दुसरी गाठ विहिरीतल्या नागाच्या वेटोळ्यात होती. नागाने विचारले, गादी हवी का? ती म्हणाली, चितेला अग्नी हवा. नागाने वेटोळे सैल केले. ती गाठ सुटताच रत्नप्रभाबाईंना उमगले, की ज्याला सकाळपासून चोर म्हटले तो मल्लकेतू आपला नवरा. शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही. सुवेलाला अजूनही काही कळेना. ती कुणाची बायको नव्हती, एवढेच समजले.

तिसरी गाठ कंटकनाथाच्या दाढीत होती, आणि ऊन कलले होते. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज होण्याआधी एक सांगा. आपण कुणाचे पुत्र?"

नाती बांधताना शहाण्याने स्वतःला वगळले नव्हते! कंटकनाथ मान खाली घालून आठवू लागला. दाढी मांडीवर आली आणि सुवेलाने गाठ सोडवली.

कंटकनाथ किंचाळून उठला. डोंगरापलीकडे त्याची म्हातारी आई होती, कधीपासून त्याने तिला तोंड दाखवले नव्हते. तो धाय मोकलून रडत, मागे न पाहता, आईकडे पळाला.

आणि सुवेलाला कळले. तो म्हातारा तिचा बाप होता. तिला खांद्यावर बसवून आंबे काढायला लावणारा बाप. आणि ती त्याचे पहिले अपत्य. हुंदका ओठांशी आला, तोच सज्जातून भालदाराचा आवाज घुमला, "राज्ञी सुवेलादेवी चिरायू होवोत!"

अनोळखी म्हाताऱ्यासाठी दिवसभर रडली ते माफ, असे पुरोहितांनी ठरवले. तेव्हा ती वारस आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. पण आता नाही. बाप कळला, आणि रडायची मुभा गेली.

चंदनाची चिता रचली. सुवेलाने कोरड्या डोळ्यांनी मशाल धरली. दोन्ही काका सवयीने ओठ दाबून उभे होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "काका, आता तुम्हांला मोकळीक आहे. माझ्याही वाटणीचे रडा."

दोघे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ लहान मुलांसारखे रडले. सुवेलाने अग्नी दिला. नदी पूर्वीसारखी डोंगर चढत राहिली, आणि राज्याची घडी बसली ती बसलीच.