तोंडभर तेल

“…आणि बाभळीच्या सालीचा काढाही करून झाला, बुवा. तरी हिरड्यांतून रक्त येतंच.”

“दातांवर काडी कशी घासतोस?”

“चांगली जोर लावून.”

त्र्यंबक सगळंच जोर लावून करी. जप, वाद, उपदेश, सगळं. समोरच्याचा प्रश्न अर्ध्यावर यायचा, तोवर याचं उत्तर तयार. म्हणून मठात येणारी माणसं त्याला वळसा घालून थेट म्हाताऱ्या भानुबुवांकडे जात. बुवांच्या मागे मठ त्यालाच सांभाळायचा होता. तो वळसा त्याला हिरड्यांपेक्षा जास्त ठणकायचा.

बुवांनी तिळाच्या तेलाची वाटी पुढे केली.

“तोंडभर घे. गिळायचं नाही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत धरून ठेव. रोज सकाळी, ओट्यावर बसून.”

“ओट्यावर? तिथं लोक येतात…”

“येऊ देत की.”

काही दिवसांनी, एका सकाळी कोंडाबाई आली. बुवा नदीवर गेले होते. ओट्यावर गाल फुगवून त्र्यंबक तेवढा बसलेला. आलिया भोगासी, म्हणून बिचारी त्याच्यासमोर टेकली.

“सुनेला म्या लई तोडून बोलले, महाराज. ती माहेरी निघून गेली…”

क्षमेवरचे श्लोक त्र्यंबकाच्या जिभेवर तयार होते. पण तोंडात तेल होतं.

कोंडाबाई थांबली. तो बोलेना.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “तिचं लेकरू पोटातच गेलं. आन् म्या म्हनले, तुझंच पाप…”

तो तरीही बोलेना. त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं.

ती बघतच राहिली.

“तुमी रडताय, महाराज…”

पदरानं डोळे पुसून ती उठली. “जाते. पाया पडते तिच्या, आन् घेऊनच येते.”

ऊन अंगणात उतरलं तेव्हा बुवा परतले. त्र्यंबक येरझाऱ्या घालत होता.

“बुवा, त्या बाईची फसगत झाली हो! मी चकार शब्द बोललो नाही. तिला वाटलं, मी तिच्यासाठी रडलो. ते तेलामुळे आलेलं पाणी होतं!”

बोलता बोलता त्यानं उपरण्यानं डोळे टिपले.

बुवांनी त्याची हनुवटी धरून हिरड्या पाहिल्या. रक्त थांबलं होतं. बुवा खूश झाले.

“त्र्यंबका…”

“जी.”

“तेल थुंकून किती वेळ झाला रे?”