प्रश्नाला एक गुण वजा

"…मग तुम्हीच सांगा नाना, याहून सोपं काय विचारू?"

शार्दूल वैतागला होता. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्याच्या कंपनीला जुना कोड सांभाळणारं माणूस हवं होतं. तीन महिन्यांत सत्तावीस जण येऊन गेले. सगळे नापास.

नाना केळुसकरांनी चाळीस वर्षं कोड लिहिला होता. शार्दूलला पहिली ओळ त्यांनीच शिकवली. आता ते वेंगुर्ल्यात एकटे राहत. शार्दूल दोन दिवसांसाठी आला होता.

"परीक्षा घेतोस कशी?"

"फळ्यासमोर उभं करतो. दोन याद्या एकत्र करायचा कोड लिहायचा. चाळीस मिनिटं. आम्ही तिघं मागे बसतो."

"कामावरही तिघं मागे बसतात?"

"नाही हो."

"कोड फळ्यावर लिहिता?"

"नाना, थट्टा नको. वीट आलाय मला."

नानांनी खुर्ची जवळ ओढली.

"कालचंच सांगतो. शरयू तेंडोलकर. सासऱ्यांच्या आजारपणात सात वर्षं घरी होत्या. म्हणाल्या, ही शेवटची मुलाखत, यानंतर नाद सोडणार. आणि दहा मिनिटं फळ्याला खडू लावला नाही. नुसते प्रश्न."

"कोणते?"

"एक यादी रिकामी असली तर? एकच नाव दोनदा आलं तर कुठलं ठेवायचं? हे वापरणार कोण? मी म्हटलं, बाई, इथे प्रश्न आम्ही विचारतो. प्रत्येक प्रश्नाला एक गुण वजा. नकाराची मेल लिहून ठेवलीय. संध्याकाळी पाठवतो."

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काहीतरी बोला ना."

"माझी दुपारची गोळी आण. फडताळातल्या डब्यात आहे. दोन मिनिटं देतो."

शार्दूल आत गेला. फडताळात दोन सारखेच स्टीलचे डबे होते. दोन्हींत पांढऱ्या गोळ्या. नानांच्या पत्नीला, काकूंना, जाऊन पाच महिने झाले होते. त्यांचा डबा कुणी हलवला नव्हता.

"नाना, यातला तुमचा कुठला?"

"वजा एक."

"अहो, काकूंची हृदयाची गोळी होती ना? चुकून तीच दिली तर?"

"वजा दोन. वेळ संपत आली."

आतून डबे उचलल्याचा आवाज आला. मग शार्दूल दोन्ही डबे हातात घेऊन बाहेर आला. झाकणं पुन्हा घट्ट लावलेली होती.

"वेळ संपली," नाना म्हणाले.

"संपू दे. कळल्याशिवाय मी देणार नाही."

नानांनी आपला डबा उचलला. दुसऱ्याकडे क्षणभर पाहिलं. गोळी घेतली, वर पाणी प्यायले.

शार्दूलने खिशातला फोन काढून ती नकाराची मेल उघडली.

"…नाना, शरयूबाईंना काय कळवू?"

"वजा तीन," नाना म्हणाले. "विचारून देतोस, म्हणून इथे आहेस तोवर माझं औषध तूच देत जा."