नजरेच्या टप्प्यात

माळावर अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, त्या काळी तिथे काजळी नावाची हरणी राहत होती. तिची नजर मोठी तीक्ष्ण आणि तिला त्याचा अभिमानही तेवढाच. पाडसाला गवतात बसवून ती समोरच्या टेकडीवर कोवळा चारा खायला जाई.

शेजारी अंडी उबवत बसलेली टिटवी म्हणायची, "काजळीताई, लेकरापासून हाकेच्या अंतरावर राहावं."

"नजरेच्या टप्प्यात आहे की ते! इथलं पान हललं तरी मला तिथून दिसतं," काजळी ठसक्यात सांगायची.

एका दुपारी टेकडीवरून तिला लांडगा दिसला. पोट जमिनीला घासत तो पाडसाकडे सरकत होता. त्याचे मागे दाबलेले कानही तिला स्पष्ट दिसले. तिने जीव तोडून हाक मारली, पण पाडसाने मानही वर केली नाही. हाका मारतच ती उतारावरून धावत सुटली. तेवढ्यात टिटवीची नजर लांडग्यावर गेली आणि कर्कश ओरडत ती त्याच्या डोळ्यांवर झेपावली. पाडस दचकून उठलं आणि सुसाट पळालं. लांडग्याची झेप हुकली, आणि टिटवीने त्याला पुढे काही जाऊ दिलं नाही.

धापा टाकत काजळी पाडसाला चाटू लागली.

"आई, तुला लांडगा दिसला होता?"

"केव्हाच दिसला होता, बाळा."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

दुसऱ्या दिवसापासून काजळी पाडसाजवळच्या वाळक्या गवतावरच पोट भरू लागली.