वाघाचे पट्टे आणि सुनेचे ओरखडे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव आता शोधून सापडायचं नाही. त्या गावातली माणसं मात्र घरोघर सापडतील.

त्या गावाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक तालीम आणि दुसरी शिस्त. तालीम पोरांसाठी होती. शिस्त अर्थातच सुनांसाठी.

तालमीत एखाद्या पोराचं अंग भराभर भरलं, की त्याच्या खांद्यापासून काखेपर्यंत तांबड्या रेघा उठायच्या. गाव म्हणायचं, पोराला वाघाचे पट्टे पडले. मग त्या खांद्यांवर गुलाल टाकायचे आणि पोराला आखाड्याभोवती मिरवायचे.

तशाच रेघा सुनेच्या पोटावर उठल्या, तर त्यांना ओरखडे म्हणायचे.

पाचवा महिना लागला की सुनेला बजावलं जायचं: पोटाला खाज सुटेल, खाजवायचं नाही, खाजवलंस तर ओरखडे उठतील. नुसतं बजावून थोरांचं पोट भरत नसे. तिच्या दहाही बोटांची टोकं चिंध्यांनी गुंडाळायचे. त्या चिंध्या बारशापर्यंत सुटत नसत. बाराव्या दिवशी गावची थोरली, म्हणजे सगळ्यांत म्हातारी बाई, सुनेला आत नेऊन तिचं पोट बघायची. पोट कोरं असलं तर बाळ आईच्या मांडीवर राही. रेघा दिसल्या तर ती बाई ओरखडी ठरे. जिला स्वतःचं पोट सांभाळता आलं नाही, ती लेकरू काय सांभाळणार, असा त्यांचा न्याय. बाळ सासूच्या खोलीत जायचं आणि चालायला लागेपर्यंत फक्त दूध प्यायला आईकडे यायचं.

हा नियम कुणी केला, असं कुणी विचारत नसे. विचारलंच तर उत्तर मिळे, आमच्या वेळेपासून आहे. जणू यांची वेळ झाली आणि मगच सूर्य उगवला.

या गावात नदीपलीकडच्या तेल्याची लेक सून म्हणून आली. तिला दिवस गेले. पाचवा लागला, बोटांना चिंध्या आल्या आणि खाज सुटली.

बसली की खाज, उठली की खाज. ती ओट्यावरून परसात जायची, परसातून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा ओट्यावर. ओला पदर पोटाला लावायची आणि तो वाळायच्या आत पुन्हा भिजवायची. जात्यावर दळताना मध्येच खुंटा सोडून मुठी आवळायची. सासू चुलीपाशी बसून तिच्या बोटांकडे बघत राहायची.

गावच्या वैद्यानं लेप दिला. सात दिवसांत पोट आरशासारखं होईल म्हणाला. पोटाची आग आग झाली, आरसा काही झाला नाही. वैद्य म्हणाला, पथ्य पाळलं नसेल.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला तिची आई आली, ती तिळाच्या तेलाचा बुधला घेऊनच. तेल कोमट करून तिनं लेकीच्या पोटाला हलक्या हातानं लावलं. कितीतरी दिवसांनी पोर एका जागी बसली.

"यानं रेघा थांबतील ना गं, आई?"

"खाज थांबेल. रेघा थांबवतो म्हणणारा काहीतरी विकायला बसलेला असतो, बाय. मी जन्मभर तेल विकलंय, माझ्याकडून ऐक." आईनं हात पुसले. "मला आल्या, तुझ्या आजीला आल्या, तुलाही येतील बहुतेक. आधी तांबड्या असतात. वर्षा-दोन वर्षांत चांदीच्या होतात. मग दिसल्या तरी बोलत नाहीत."

लेक रडायला लागली. तिला चांदी नको होती. तिला बाळ हवं होतं.

तिनं तेल लावलं, दात आवळले, पण एकदाही खाजवलं नाही. नवव्या महिन्यात बेंबीखाली रेघा उठल्याच, तांबड्यालाल.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी अंगणात गाव जमलं. थोरलीनं सुनेला आत नेलं, पदर बाजूला केला आणि बाहेर येऊन साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, ओरखडे आहेत. सासूनं बाळ घ्यायला हात पुढे केले.

सुनेनं बाळ दिलं नाही. त्याला छातीशी धरून ती अंगणात आली. तिचा धाकटा दीर, गावचा नवा पैलवान, तालमीतून तसाच उघड्या अंगानं आला होता. खांद्यावर कालचा गुलाल होता.

"भाऊजी, तुम्ही खांदे खाजवलेत का हो?"

दीर हसला. "नाही बा, वहिनी. वर्षात अंग दुप्पट झालं. कातडी मागं राहिली."

"तेल लावत होता?"

"रोज शेरभर जिरवतो की."

"तरी पडले?"

"तरी पडले."

"माझंही तेच झालं," सून म्हणाली. "बोटांना चिंध्या बांधून."

थोरली म्हणाली, त्याचे ते पट्टे आणि हिचे ते ओरखडे. थोरांकडचं उत्तर संपलं की त्यांचा आवाज चढतो. तिचाही चढला. घे ते पोर, असं ती सासूवर ओरडली.

सासू जागची हलली नाही. ती पैलवानाच्या खांद्यांकडे बघत होती. तो तिचाच मुलगा. तो बारा दिवसांचा असताना त्याला तिच्या मांडीवरून असंच उचललं होतं. त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते दुसऱ्या खोलीत.

"मला वाटायचं," सासू म्हणाली, "मी झोपेत खाजवलं असेल."

मग तिनं सुनेच्या बोटांच्या चिंध्या एकेक करून सोडल्या. सुनेनं मोकळं बोट लेकीच्या गालाला लावलं. बारा दिवसांत पहिल्यांदा.

थोरलीनं चूक कबूल केली नाही. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या बारशाला ती पोट बघायला गेली, तेव्हा त्या घरची सून म्हणाली, आजी, आधी तुमचं दाखवा. त्यानंतर ती कुठल्याच बारशाला गेली नाही. गावभरच्या चिंध्यांच्या दिव्याच्या वाती झाल्या.

सुनेच्या रेघा दोन वर्षांत चांदीच्या झाल्या. सासूच्या केव्हाच झाल्या होत्या. तिनं इतकी वर्षं खाली बघितलंच नव्हतं.

बोध एवढाच: अंग वाढतं तेव्हा कातडीवर खूण उठते, आणि जो त्या खुणेला गुन्हा म्हणतो, तो कितीही थोर असला तरी त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नये.