राजाच्या तोंडातलं पाणी

एका राज्यात कुंडलसेन राजा होता, हंसावती राणी होती, पवळा त्यांची एकुलती लेक होती. आणि राजाला होतं बागेचं वेड. डोंगरावरचा, बांधावरचा, ओढ्याकाठचा सगळा तेरडा त्यानं मुळासकट आणून आपल्या बागेत लावला. सोनटक्का आणला, गुलबक्षी आणली, कर्दळ आणली. वर दवंडी पिटली, "बाग रयतेची. खुशाल या!" भादव्यात बाग अशी फुलली, की माणसं लोटली. राजा दिवसभर ताटव्यांतून ओरडत फिरे, "हात लावू नका! हुंगू नका! वाकू नका!" मग रयतेनं यायचं तरी कशाला? पण राजाला विचारणार कोण?

राणी विचारी. "महाराज, घसा तरी दुखत नाही का?"

गौरी यायच्या दिवशी एक चेटकीण आली. चेटकीण झाली तरी गौर बसवायचीच की! म्हणाली, "राजा, रानात तेरडा उरला नाही. गौरीपुरता एक दे."

"फुलं बघायची आहेत, न्यायची नाहीत."

"बरं. मग बघतच बस."

तिनं चिमूटभर माती फुंकली. राजाशेजारी पवळा उभी होती, तिचा तिथल्या तिथे तेरडा झाला. बुडाशी पैंजण तेवढे राहिले.

राणीनं कपाळ बडवून घेतलं. तेव्हा पिंपळावरची साळुंकी बोलली, "गौर आणतात तशी लेक आणा. रोप हातात, पाणी तोंडात, मुक्यानं राजवाड्याच्या उंबऱ्यापर्यंत. ज्यानं नाही म्हटलं, त्यानंच आणायची. तिसऱ्या खेपेलाही बोललात, तर लेक जन्माची तेरडा."

"एवढंच ना?" राजा म्हणाला.

राणीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

राजानं पाणी तोंडात घेतलं, रोप उपटलं, निघाला. वाटेत एक म्हातारबाबा सोनटक्क्याशी वाकले होते. "हुंगू नका!" पाणी सगळं बाबांच्या पागोट्यावर. रोप हातातून निसटलं, वाफ्यात जाऊन पुन्हा रुजलं, आणि त्याची अर्धी फुलं गळाली.

"अहो, लेक हातात होती!"

"पण तो हुंगत होता!"

दुसऱ्या खेपेला राणीनं त्याच्या तोंडावरून उपरणंच बांधलं. तर कर्दळीत बकरी शिरली. उपरण्यातून पाणी उडवत राजा गरजला, "हट्! हट्!" मग साळुंकीला विचारतो, "बकरीशी बोललेलं धरत नाहीत ना?"

"धरतात."

रोपावर एकच फूल उरलं. राणी म्हणाली, "मी थकले, महाराज. बाग हवी की लेक, एकदाच काय ते सांगा."

राजानं उपरणं फेकलं, तोंड भरून पाणी घेतलं, लेकीला हळूच उपटलं.

तोवर गावच्या बाया बागेत शिरल्या होत्या. घरोघरी गौर खोळंबलेली, करतील काय? राजाच्या डोळ्यांदेखत तेरडा उपटू लागल्या. राजाचे गाल फुगले, कान लाल झाले, घशात गुडगुड झाली. पण तो चालत राहिला. फाटकाशी चेटकीण उभी होती, रिकाम्या हातांनी.

"राजा, मी विचारूनच घेते. देतोस?"

नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. राजा थांबला. वाकला. ताटव्यातला सगळ्यांत देखणा तेरडा आपल्या हातानं उपटून त्यानं तिच्या ओटीत घातला.

उंबऱ्यावर राणीनं रोपावर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली," पानांतून आवाज आला, "आणि आई, बाबांना सांग, फार ओरडतात."

पैंजण वाजले. पवळा उंबऱ्यावर उभी! राजानं पाणी घटकन गिळलं.

"आता बोला की," राणी म्हणाली.

"काही नाही," राजा म्हणाला, आणि लेकीला जवळ घेतलं.

पुढं तेरडा वाळला, बोंडं तडकली, बी वाऱ्यावर गेलं. दुसऱ्या भादव्यात डोंगर गुलाबी झाले, घरोघरी गौर वेळेवर आली. राजाच्या लेकीनं जसा उंबरा ओलांडला, तसा तुमच्याआमच्या लेकींनी हसत ओलांडावा.